सहादूंचं सेशन

देवळाली प्रवराचे सहादू साखर कारखान्यातून वॉचमन म्हणून निवृत्त झाले आणि बासष्टाव्या वर्षी दहावीला बसायला निघाले. फॉर्मची मुदत आज पाचपर्यंत होती. वेबसाइट मात्र तीन दिवस त्यांना शेवटच्या पानावरून परत पाठवत होती. बाकी सगळ्यांचे फॉर्म जात होते.

ती वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचं काम त्यांची मुलगी यशोधरा केडगावच्या आपल्या घरातून करायची. त्यामुळे शिव्या घरातल्या घरात राहिल्या.

चार वाजता तिनं कंपनीतल्या रविराजसरांची परवानगी काढून सर्व्हरला डीबगर जोडला. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्याच्या पोटात डोकावायची सोय. बाकीचे हजारो उमेदवार अडकू नयेत म्हणून तिनं अट घातली : फक्त आबांचं सेशन, म्हणजे वडिलांची वेबसाइटवरची चालू खेप, थांबव.

“आबा, दाबा आता.”

“दाबलं. चाक फिरतंय नुसतं.”

“फिरू दे. मी धरून ठेवलंय तुम्हाला.”

“लई बरं वाटलं ऐकून.”

सेशनच्या पोटात जन्मतारीख एक जून होती. बरोबर. त्या पिढीतलं निम्मं गाव मास्तरांनी एक जूनलाच जन्माला घातलंय. फोटो आबांचा होता. नाव होतं भामाबाई.

“आबा, आईचं नाव कसं आलं इथं?”

आबांनी आधी कोंबडी हाकलली.

“हळू बोल. तिला सांगितलं न्हाई अजून. ह्याच फोनवर दुसऱ्या खिडकीत तिचा बी भरतोय. सातवीत शाळा सुटली तिची, माझ्याशी लगीन लावलं म्हनून.”

यशोधराला चूक सापडली. एका फोनवरून एकच माणूस फॉर्म भरणार, असं धरून सेशनचा कोड तिनंच लिहिला होता. दोन पानं उघडली की एकाचं नाव दुसऱ्यावर बसायचं आणि फॉर्म परत यायचा. आणि ती स्वतः वाढली होती चौघांत एक फोन असलेल्या घरात.

“कुनाचा फॉर्म?” पलीकडून आईचा आवाज आला आणि फोन तिच्या हातात गेला. “यशे, तुझा बाप येडा झालाय. गनित हाय का त्यात?”

“आहे.”

“मग हे एकटे न्हाई तरायचे. बसते मी. पन ह्यांच्या मागच्याच बाकावर. अनोळखी पोरांत न्हाई बसनार, सांगून ठेवते.”

बाक नंबरावर ठरत होते, आणि नंबर फॉर्म पोचेल त्या क्रमानं. शेवटच्या तासाला तर फॉर्मांची रीघ लागली होती.

यशोधरानं आबांना दोन्ही खिडक्या बंद करून एकच फॉर्म नव्यानं भरायला लावला. आईचा तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर भरला. पाचला सात मिनिटं असताना तिनं डीबगरची अट उलटी केली : ही दोन सेशन सोडून बाकी सगळ्यांना थांबव.

“आबा, दाबा.”

आबांचा गेला. तिनं आईचा दाबला. मग सगळ्यांना सोडलं.

लगेच रविराजसरांचा फोन आला. “सर्व्हर मघाशी अडला होता का?”

“अकरा सेकंद, सर.”

“कशानं?”

“दोघांना एकत्र जायचं होतं.”

तिकडं आबा मेसेजवर आलेले दोन्ही नंबर मोठ्यानं वाचत होते. शेवटचा आकडा सोडला तर सगळे सारखेच होते, तरी आईनं ते पुन्हा वाचायला लावले.