सीमाची चौथी लेव्हल

चेतनने फ्लॉपी मशीनमध्ये ढकलली, फॉरमॅटची आज्ञा टाइप केली आणि मशीनने ‘नक्की ना?’ असं विचारताच वाय दाबलं. कुरकुर करत सीमाची चौथी लेव्हल पुसली गेली. फ्लॉपी त्याने पुन्हा तिच्या वहीखाली, होती तशी ठेवली.

कोल्हारच्या स्टँडसमोरचा हा कॉम्प्युटर क्लास चेतनचा. विद्यार्थी टिकावेत म्हणून भुलभुलैयाचा गेम त्यानेच पुण्याहून आणला होता. सीमाला माउस धरायलाही त्यानेच शिकवलं. वर्षभरात ती त्याच्याच क्लासात शिकवायला लागली, तिथवर ठीक होतं. पण गेम सगळ्यांचा खेळून झाला, तशी बाईंनी ग्राफपेपरवर नव्या लेव्हल आखून त्याला जोडायला सुरुवात केली, आणि चेतनच्या पोटात दुखू लागलं.

साडेनऊची बॅच आली. साखर कारखान्यातला क्लार्क गोरक्ष चपला काढता काढताच म्हणाला,

“मॅडम, नवी आनली का? सरांचा गेम तर कवाच संपला.”

सीमाने फ्लॉपी घातली. रिकामी. दुसऱ्या मशीनवर घालून पाहिली. तिचा चेहरा पडला, आणि चेतनला ठरवलं होतं तितकं बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

“खराब झाली असेल. फ्लॉपीचा काय भरवसा,” तो म्हणाला.

“जाऊ द्या सर, कागद आहे ना. मी वाचते, तुम्ही टाइप करता? भिंतीला एक, मोकळ्या जागेला शून्य, दाराला दोन.”

नाही म्हणायला कारण सुचेना. ती आकडे सांगत गेली, तो बडवत गेला. आखणी इतकी नेटकी होती की त्याचा आणखीच जळफळाट झाला. सोळाव्या ओळीत सीमा थांबली. गोरक्ष ऐकत नाही असं पाहून तिने आवाज खाली आणला.

“इथे दोन.”

“सगळी भिंत, आणि मधेच दार?”

“चोरदरवाजा आहे. बॅचला सांगितलेलं नाही. तिसऱ्या लेव्हलमध्ये तुम्ही लई दिवस अडकलात ना सर, म्हणून तुमच्यापुरता ठेवलाय.”

जेवायच्या सुट्टीत आतून कडी लावून आपण काय करतो, हे कुणालाच ठाऊक नाही अशी चेतनची समजूत होती. त्याचे कान तापले.

“घेतलं?” तिने विचारलं.

“घेतलं,” तो म्हणाला. त्याने एक दाबला होता.