फुंकरबाबाची नोंदवही

हॉल खच्चून भरलेला. खिडक्यांतसुद्धा माणसं लोंबकळलेली. फुंकरबाबानं माझ्या बायकोच्या पाठीच्या कण्यावर फू केलं, अन् ती काठी टाकून चालली! लोक रडले. सगळ्यांत जास्त मी.

"पोरी, तुझ्या शिरांत मी उजेड भरला! आता सुया बंद!" बाबा गरजला. स्वतःच्या नाकावर मात्र जाड भिंगाचा चष्मा.

मी जळलेल्या मोटारींत नवी तार भरणारा, चौथी शिकलेला. तिच्या आजाराच्या इंजेक्शनच्या सुया बंद केल्या. दर आठवड्याला बाबा मला माइकवर उभा करायचा अन् मी साक्ष द्यायचो.

पाच महिन्यांनी बायकोचे पाय पुन्हा गेले, एका डोळ्यापुढं धुकं आलं. बाबा म्हणे, "घरात कुणीतरी शंका घेतली." घरात आम्ही दोघंच! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बोललो तर मी पापी, गप्प राहिलो तर बायको हातची जातेय.

शेवटी लपतछपत, आधी सुया देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेली.

"सुया कुणी बंद केल्या?"

"बाबानं बरं केलेलं ना, बाई."

"आणि त्याआधी दोनदा पाय गेले होते, तेव्हा कुणी बरं केलं?"

मी आठवून पाहिलं. तेव्हाही दीडेक महिन्यात ती आपली आपण चालायला लागली होती.

"काका, तारेला वार्निश कशाला लावता?"

"नाहीतर तार तारेला भिडते, मोटार जळते."

"मेंदूतल्या तारांवरही वेष्टण असतं. ते चढवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ग्लिया म्हणतात. या आजारात शरीराचीच फौज ते वेष्टण कुरतडते. सूज उतरली, थोडं वेष्टण परत चढलं, की माणूस चालतो. आजार आतच राहतो. सुईनं पुढचे झटके कमी होतात. वेष्टण नव्यानं चढवणारं औषध अजून शोधतायत."

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबाच्या दारात नोंदवही असते, अन् पहिला प्रश्न एकच: झटका कधी आला? पुढच्या आठवड्यात वही चाळली. झटक्याला महिना उलटलेले स्टेजवर. ताज्यांना, 'सहा आठवड्यांनी या, वेळ पिकू दे.' अरे, पिकलेलं फळ पडणारच; हा नुसता झाडाखाली उभा!

माइकवर तेच सांगितलं. माइक बंद केला, तर ओरडून सांगितलं. पुढून एक बाप किंचाळला, "गप रे! आज माझ्या पोरीचा नंबर आहे!"

बायकोची सुई परत सुरू केली. डोळा निवळला, डावा पाय मात्र सुधारला नाही. माझ्या साक्षीचा व्हिडिओ मात्र अजून फोनाफोनांत फिरतोय, मला काही तो थांबवता येईना. परवाच दुकानात एक बाई आल्या, "दादा, तुमचं ऐकून आम्हीही सुया सोडल्या."

बाबांनो, त्यात मी रडताना दिसलो, तर एवढंच विचारा: ही बाई त्याआधी किती वेळा आपोआप बरी झाली होती? अन् सुई सोडू नका.