उणे सांगता न येणारा आकडा

मी एक आकडा बोलतोय. पवना धरणाच्या काठावर खांबाला ठोकलेल्या डब्यात राहतो. राहतो कसला, कोंडलंय मला! आठच खण, प्रत्येकात शून्य नाहीतर एक. त्यातून शून्य ते दोनशे पंचावन्न, एवढंच बोलता येतं. उणे चिन्हाला जागाच नाही. शून्याच्या खाली ढकललं की गरकन फिरून थेट दोनशे पंचावन्नवर जातो.

मला घडवलं तळेगावच्या ऋचाताईंनी. अगदी जीव ओतून. धरणाचं पाणी काठावरच्या चुना लावलेल्या दगडापासून किती हात लांब आहे, ते दर तासाला गावकऱ्यांच्या मोबाईलवर कळवायचं, हे माझं काम. "अंतर कधी उणे असतं का?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. अहो, पण इथली माणसं पाणी दगड ओलांडून आलं तरी मोजतात, "दोन हात अलीकडं आलं" म्हणतात! त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

श्रावणात एके दुपारी बयाबाईंनी म्हैस आणि रेडकू दगडापाशी बांधलं आणि नवऱ्याबरोबर, दत्तोबांबरोबर, पवनानगरच्या बाजाराला गेल्या. तेव्हा पाणी चार हात लांब होतं. वर डोंगरात पाऊस कोसळत होता. तासाभरात पाणी दगड ओलांडून हातभर अलीकडे आलं. उणे एक! आणि मी मेल्याने कळवलं, "दोनशे पंचावन्न हात लांब."

बाजारात दत्तोबा म्हणाले होते, "चल गं, आभाळ लय भरलंय."

"अवं, पानी लांब हाय म्हंतोय मोबाईल. च्या तर प्या," बयाबाई म्हणाल्या. हे मला नंतर त्यांच्या रडण्यातून कळलं.

इकडे पाणी चढतच होतं, रेडकू हंबरत होतं. मी आतून जिवाचा आकांत करत होतो, पण बाहेर पडायचं ते दोनशे चोपन्न, दोनशे त्रेपन्न, असलंच काहीतरी. म्हशीने दावं तोडलं. रेडकाला ते जमलं नाही.

ऋचाताई धावत आल्या.

"तुजं यंत्र खोटं बोललं व्हय गं?"

"नाही मावशी. त्याला खरं बोलायला मीच जागा ठेवली नाही."

बयाबाई म्हशीच्या गळ्यातलं तुटकं दावं सोडवू लागल्या.

ताईंनी उणे धरणारा नवा प्रोग्राम लिहिलाय. पण तो डब्याला वायर जोडूनच भरता येतो, आणि आता माझ्या खांबाभोवती गळाभर पाणी आहे. ते ओसरेपर्यंत माझं खोटं चालूच.

आज कुणीतरी वरच्या अंगाला शेळ्या बांधल्यात. पाणी चढतंय. अहो शेळ्यावाल्यांनो, मोबाईल वाजला तर माझं ऐकू नका हो. पळत या!