एक मिस कॉल म्हणजे चालू

तलवाड्यात ज्याची पाण्याची मोटार जळते तो आधी कपाळाला हात लावतो आणि मग जलालुद्दीन मिस्त्रीचं दुकान गाठतो. चाळीस वर्षं हेच चालत आलेलं. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून मिस्त्रीच्या बोटांचे ठसे इतके झिजले की रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना. त्याच तारेवर त्याची एकुलती एक लेक तरन्नुम इंजिनिअर झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. कुणी विचारलं की मिस्त्री सांगायचा, पोरगी मोटारीचंच काम करती, फकत तिला हात काळे करावे लागत न्हाईत.

ते खोटं नव्हतं. हल्ली विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की शेतातली मोटार सुरू होते. तरन्नुमची कंपनी असे स्टार्टर राखायची. राखायची कुणापासून? तर कुठंतरी खुर्चीत बसून हजार मोटारी एका दमात सुरू करणाऱ्या आणि अख्ख्या तालुक्याची लाइन उडवणाऱ्या चोरापासून. त्यासाठी तरन्नुमने एक जाळं विणलं होतं. प्रत्येक मोटार एक ठिपका, प्रत्येक फोन नंबर एक ठिपका, आणि नंबराने मोटारीला फोन लावला की दोघांत एक रेघ. लाखो रेघा बघून मशीन आपोआप शिकलं की साध्या शेतकऱ्याची एक नाहीतर दोन मोटारी, फार तर भावाची तिसरी. याहून वेगळं काही दिसलं की ते बोट ठेवायचं.

अडचण एवढीच होती की मशीनला शिकवायला पुरेसे खरे चोर सापडत नव्हते. मग माणसासारखं लिहिणाऱ्या दुसऱ्या मशीनकडून हजारो खोटे दरोडे रचून घेतले, आणि पहिलं मशीन त्या मनातल्या चोरांवरून चोर ओळखायला शिकलं. हुशारीची कमाल झाली. पण मामू नावाचा माणूस त्याला कुणी दाखवलाच नाही.

मामू म्हणजे जलालुद्दीनच. स्टार्टर बसवताना मालकाच्या नंबराखाली आणखी एखादा नंबर घालता येतो. तिथं लोक आपणहून म्हणायचे, मामूचा टाकून ठेवा. कुणाला फोनवरचे आकडे कळत नव्हते, कुणाचं घर सहा महिने ऊसतोडीला जायचं आणि मागं एकटी म्हातारी राहायची. त्यांच्यासाठी मामूने एक रीत पाडली होती. एक मिस कॉल म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. मिस कॉल आला की तो हातातलं काम खाली ठेवून त्यांच्या मोटारीला फोन लावायचा. एक्केचाळीस मोटारींचे नंबर त्याला तोंडपाठ होते.

तरन्नुमला हे माहीत होतं का? अर्धवट. सुटीत घरी आली की अब्बू जेवता जेवता सारखे फोन उचलतात आणि अम्मी, म्हणजे अकबरी, त्यावर करवादते, एवढं तिने पाहिलेलं. का, कुणासाठी, हे विचारायचं राहून गेलं. लेकी दूर गेल्या की असं पुष्कळ राहून जातं.

जानेवारीत एका दुपारी मशीनने बोट ठेवलं. गेवराई तालुका, एक नंबर, एक्केचाळीस मोटारी. पडद्यावर मधोमध एक ठिपका आणि चहूबाजूंनी रेघा, कोळी बसावा तसा. कंपनीच्या नियमाने नाव आणि नंबर झाकलेले. लोकांनी त्या ठिपक्याला दिलेले मिस कॉल त्या जाळ्यात कुठंच नव्हते. ते स्टार्टरला लागलेच नव्हते, तर त्यांची रेघ पडणार कशी? मशीनने विचारलं, तोडू? तरन्नुमने 'हो' दाबलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग त्या लिहिणाऱ्या मशीनने एक्केचाळीस मालकांना शुद्ध मराठीत संदेश धाडला: एक अनोळखी व्यक्ती आपली मोटार चोरून चालवत होती, तिला रोखण्यात आले आहे, आपण पोलिसांत तक्रार करू शकता. खाली ओळख पटावी म्हणून नंबराचे शेवटचे आकडे.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. आज एक मोठा चोर पकडला, म्हणाली, तोही आपल्याच तालुक्यातला.

"शाब्बास बेटा," अब्बू म्हणाले. "असल्या माणसाला सोडू नको."

त्यानंतर दोन महिने अब्बूंचं बोलणं आखडलं. जेवलीस का, तब्येत बरी हाय ना, ठेवतो. पुढं रमजानात अम्मीनेच सांगितलं की ते आता दुकान धड उघडतही नाहीत. तरन्नुम ईदेच्या चार दिवस आधीच घरी आली. अम्मीने तिला चुलीपाशी बसवलं आणि जे झालं ते सांगितलं.

संदेश आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आश्रुबाचा पोरगा युवराज, नोकरीला संभाजीनगरला असतो तो, दुकानात आला होता. आश्रुबा म्हणजे अब्बूंचा लहानपणापासूनचा दोस्त. पहिला सिमवाला स्टार्टर बसला तो त्याच्याच विहिरीवर. संदेशातले शेवटचे आकडे सातशे शहाऐंशी. ते दुकानाच्या पाटीवर रंगवलेले, गावातल्या प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर चिकटवलेले. कुणाला वाचून सांगायची गरजच नव्हती. युवराजने मोटारसायकल बंदही केली नाही. चार गिऱ्हाइकांसमोर त्याने विचारलं, "मामू, आमची मोटार तुमच्या फोनात कावून होती?"

आश्रुबा मागच्या सीटवरच बसलेला होता. अब्बूंनी त्याच्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसून राहिला.

"आन् तुझ्या अब्बूंनी काय म्हणावं?" अकबरीने पदराने डोळे पुसले. "चुकलं म्हणाले. चुकून राहिला आसंल, म्हणाले."

एक्केचाळीस रेघांचा तो ठिपका तरन्नुमच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि टाळ्याही आठवल्या. ती तशीच दुकानाकडं निघाली.

अब्बू अर्धवट उघडलेल्या दुकानाच्या फळीवर बसून जुन्या तारेचा गुंता सोडवत होते. तिला बघून म्हणाले, ऊन लई हाय, आत ये. ती आत गेली नाही.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"गिऱ्हाइकानं संदेश दाखवला. त्याखाली तुझ्या कंपनीचं नाव होतं की." ते तारेकडं बघतच बोलले. "तू लई खूश होतीस बेटा. कसं सांगायचं?"

तिला रडू कोसळलं. भर बाजारात, येणारे-जाणारे बघत असताना ती हुंदके देत राहिली, आणि अब्बू काळ्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. शांत झाल्यावर तिने विचारलं, आश्रुबा चाचा गप्प का बसले? एक शब्द बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं.

अब्बूंनी इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला. आश्रुबाचे डोळे तीन वर्षांपासून जवळपास गेलेले. फोनवर त्याला फक्त हिरवं बटण चाचपता येतं. ते दाबलं की शेवटचा नंबर लागतो, आणि शेवटचा नंबर कायम मामूचाच. घरात कुणाला ठाऊक नाही. कळलं तर पोरगा शेत बटईने देईल आणि म्हाताऱ्याला संभाजीनगरच्या आपल्या खोलीत नेऊन बसवील. म्हणून मोटार वेळेवर सुरू व्हायची आणि घरच्यांना वाटायचं, आप्पा अजून खणखणीत हायेत.

"मी जाऊन सांगते युवराजला."

"न्हाई." अब्बूंनी पहिल्यांदा तिच्याकडं रोखून पाहिलं. "त्यानं माझ्यावर इस्वास टाकला. माझं नाव गेलंय तेवढं बास हाय. त्याचं शेत जायला नको."

तरन्नुमने तिथंच मांडीवर लॅपटॉप उघडला. अब्बूंचा नंबर पुन्हा खरा करायला मशीनने कारण मागितलं. तिने लिहिलं, हे माझे वडील आहेत. मशीनने नम्रपणे कळवलं की नातं हा पुरावा धरता येत नाही, मालकांचा होकार लागेल. एक्केचाळीस जणांना नवा संदेश गेला, माफीसकट, तितकाच शुद्ध. ईदेपर्यंत सतरा होकार आले. बाकीचे गप्प राहिले. चोर म्हणून ज्याचं नाव आलं त्याला कशाला परत आत घ्या, असा लोकांचा साधा हिशेब. शंका धरायला कुणाला कारण लागत नाही, सोडायलाच लागतं. आणि आश्रुबाच्या फोनवरून उत्तर आलं, नाही. ते गावी आलेल्या युवराजने वाचून दाबलेलं असणार.

मशीनने आश्रुबाची रेघ कायमची पुसली आणि विषय बंद केला.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या बसला वेळ होता म्हणून तरन्नुम दुकानात बसली होती. अकराच्या सुमाराला समोरच्या गिरणीचा पंखा फिरायला लागला, लाइन आली. तेवढ्यात अब्बूंचा फोन एकदा वाजला आणि बंद पडला. पडद्यावर नाव होतं, आश्रुबा.

"अजून येतो?" तिने विचारलं.

"रोज. लाइन आली की येतो."

"त्यांना माहीत नाही, आता काही होत नाही ते?"

"माहीत हाय की. आता मोटार युवराजच चालू करतो, तिकडून, संभाजीनगरहून." अब्बूंनी फोन हातात धरला. बोटाने सवयीने त्या मोटारीचे पहिले चार आकडे दाबले, मग बोट तिथंच थांबलं. त्यांनी एकेक आकडा पुसला. "दुकानात तोंडातून शब्द निघाला न्हाई त्याच्या. तवापासून हे एक बटण दाबतो."

तरन्नुमला वाटलं, मागितला होता तो होकार हाच. रोज अकराला येतो, आणि तिच्या जाळ्यात त्याला जागा नाही.

"तुम्ही उलट फोन का करत नाही त्यांना?"

"काय बोलू?" अब्बू म्हणाले, आणि फोन उपडा ठेवून त्यांनी तारेचा गुंता पुन्हा मांडीवर घेतला.