दिव्याच्या पाटीवरचे नाव

धाकट्या भावाच्या प्रदर्शनात माझा दिवा होता. पाटीवर नाव मात्र एकट्या त्याचे होते.

कल्पना त्याची, हे मी नाकारत नाही. सायबरनेटिक्स हे यंत्रांच्या नि प्राण्यांच्या नियंत्रणाचे शास्त्र आणि वर्तनाचे मानसशास्त्र वाचून तो वर्षभर भारावला होता. यंत्राने माणसाकडे पाहावे, माणसाने यंत्राकडे, आणि दोघांनी एकमेकांना वळण लावावे, हीच आजची कला, असे तो म्हणे. समोरचा माणूस दहा सेकंद स्तब्ध राहिला की तांब्याच्या दांडीवरचा दिवा त्याच्याकडे वाकून उजळायचा. ती स्तब्धता ओळखणारे सर्किट मी चार महिने खपून जोडले. उपकरणांच्या कारखान्यात सदतीस वर्षे चाचणी विभाग सांभाळलेल्या माणसाची उद्घाटनात बोळवण झाली ती एका वाक्यावर: "आमचे दादा जरा मदतीला होते."

"पोटात दुखतंय ना?" घरी पत्नीने विचारले. "मग डॉक्टरकडे नका जाऊ, भावाकडे जा."

मी गेलो, पण दिव्याकडे. सकाळी दालन उघडण्यापूर्वी सेन्सरच्या तारेचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. आता पावलांच्या हादऱ्याने जोड कधी लागेल, कधी तुटेल. असे लहरी उपकरण मी कारखान्यात थेट भंगारात काढले असते. लोकही तसेच तोंड फिरवतील, असा माझा कयास होता.

लोक हलेनात. आधी दिवा उजळला की मिनिटभरात पुढे सरकणारी माणसे आता वीस-वीस मिनिटे श्वास रोखून उभी राहू लागली. दिवा वाकला नाही, की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी रांग दारापर्यंत पोचली.

भावाने मला बाजूला ओढले. "दादा, हुकमी बक्षिसाला माणूस कंटाळतो, बेभरवशाच्या बक्षिसाला चिकटतो. मी हे वाचलं होतं रे, पण करायचं सुचलं नाही. कोणी केलं? त्याचं नाव पाटीवर घालतो."

तार आपोआप सैल झाली असेल, एवढे म्हणून सुटता आले असते. पण मग ती रांगही त्याचीच झाली असती.

"मी केलं," मी म्हणालो. "तुझी फजिती व्हावी म्हणून."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. इतका स्तब्ध, की मागचा दिवा त्याच्या खांद्यापर्यंत वाकून उजळला.

"आता हे पाटीवर कसं लिहू?"

"कारण नको लिहूस," मी म्हणालो. "नाव लिही."