सुकाणूवरचा माणूस

कल्पिताला फोर्टमधल्या जुन्या म्युझियममध्ये नोकरी लागून दोन वर्षं झाली, तरी तिची आई कमळ तिथं एकदाही गेली नव्हती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून सकाळी पाटी घेऊन निघायचं, अंधेरीच्या बाजारात बसायचं, त्यात वेळ कुठला? शेवटी एका सोमवारी, मासळीला गिऱ्हाईक नाही असं बघून, लेकीनं तिला जवळजवळ ओढतच नेलं.

"मेलेल्यांच्या वस्तू बघून काय करू गं मी?"

"एकदा बघ तर, आये."

मेलेल्यांचा विषय कमळला चालत नसे. चार वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्याच फेरीत, तिचा नवरा तुळशीदास सुकाणूवरून पाण्यात पडला. होडी परत आली, खलाशी परत आले, तो आला नाही. नऊ दिवस शोध चालला. मग दीर सीताराम म्हणाला, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, कार्य उरकू. कमळनं त्याला दारातूनच परत पाठवलं. "माझा माणूस मेलेला कुणी बघितलाय?" तेव्हापासून तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या आणि घरात तुळशीदासला 'होता' म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

इजिप्तच्या दालनात दिवे मंद होते. कल्पिता पाच-सहा पाहुण्यांना माहिती सांगत होती. मेलेल्या माणसाला मीठ लावून कसं सुकवायचे, पट्ट्या कशा गुंडाळायचे. खारवलेल्या मासळीशी जन्म काढलेल्या कमळला त्यात नवल वाटलं नाही. ती एका काचेपाशी थबकली. आत हातभर लांबीची लाकडी होडी होती. थडग्यात ठेवलेली. वल्ही मारणारे आठ जण, मधे छताखाली आडवा निजलेला मालक. होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणूच्या जागी, मात्र फळीवर नुसती दोन पावलं चिकटलेली होती.

"हिचा तांडेल कुठं गेला?" कमळनं विचारलं.

"सापडला नाही. खोदताना होडी मिळाली, तो नाही मिळाला."

कमळ त्या पावलांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "यांच्यात शरीर मिळालंच नाय, तर काय करायचे?"

कल्पितानं पाहुण्यांना पुढच्या काचेकडे जायला सांगितलं. आईजवळ येऊन ती म्हणाली, "बुडालेल्यांसाठी त्यांच्यात वेगळं होतं. राजांच्या थडग्यांत भिंतीवर चित्रं आहेत. पाण्यात तरंगणारी माणसं, कुणी पालथी, कुणी उताणी. देव काठावर उभा राहून त्यांना सांगतो, तुम्ही कुजणार नाही, तुम्हाला किनारा मिळेल. त्यांना पट्ट्या नकोत, पेटी नको. त्यांचं सगळं देवच बघतो."

हे बोलताना तिचा आवाज बदलला होता. इतका वेळ ती पाठ केलेलं बोलत होती. हे पाठ केलेलं नव्हतं.

"हे तुला इथं शिकवलं?"

"नाही. मीच शोधून वाचलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात." कल्पिताचा हात काचेवर होता. "जेवायच्या सुट्टीत मी इथं येऊन उभी राहते. घरी रडता येत नाही ना, आये. तू अजून बाबाचं ताट वाढतेस."

चार वर्षं आपण एकटीच झुरतोय असं कमळला वाटत होतं. नवऱ्याची वाट बघत बसताना आपण पोरीला बापासाठी रडूसुद्धा दिलं नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं कल्पिताचा हात काचेवरून काढून आपल्या हातात घेतला. तो गार पडला होता.

"चल बाय," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी कोळीवाड्यात शिरल्यावर ती घरी न जाता आधी सीतारामच्या दारात गेली. तो जाळं शिवत बसला होता.

"भावजी, भटजींना विचारा. कुठला दिवस चांगला ते."

सीतारामनं सुई खाली ठेवली.

पुढल्या आठवड्यात स्मशानात भटजींनी दर्भ बांधून माणूस केला. सीताराम अग्नी द्यायला पुढे झाला, तेव्हा कमळ म्हणाली, "थांबा. तिला देऊ द्या." कल्पितानं अग्नी दिला आणि तिथंच खाली बसून हंबरडा फोडला. कमळनं तिला पोटाशी धरलं. गवतच ते, पाच मिनिटांत जळून गेलं. माणसाला लागतो तेवढा वेळ तरी लागायला हवा होता, असं कमळला वाटत राहिलं.