पोटाला आधार

क्रेनवाल्याने तिसरं अंडं तव्याच्या काठावर टिचकवलं आणि या वेळी कवचाचा कणही आत पडू दिला नाही. पांढरं पसरलं, पिवळं मधोमध अख्खं राहिलं. त्याने मान वळवून मागे पाहिलं. लेक स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्यामागे बाहेरच्या दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या, एक तिची आणि एक तिच्या आईची.

"गॅस बारीक करा, बाबा."

"मला कळतं."

"कळतं म्हणूनच काल घरभर धूर झाला होता."

"कालचं काल गेलं," तो म्हणाला आणि गॅस बारीक केला.

आज हार मानायची नाही, असा त्याने चंगच बांधला होता. बायकोच्या फुप्फुसांना जबर आजार होऊन गेला होता. ताप गेला, ती दवाखान्यातून घरी आली, पण अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. गोळ्या जहाल होत्या. सकाळी पोटभर, सकस नाश्ता झाल्याशिवाय एकही गोळी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बोलणंही कमी करायला सांगितलं होतं, कारण चार शब्द बोलली की खोकल्याची उबळ यायची. दुपारी आणि रात्री ती थोडंफार खायची. नेमका सकाळीच तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग गोळ्या उलटून पडायच्या आणि दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

लेक चार दिवस हे बघत होती. तिच्या घरी शिवणाचा कारखाना होता. सासू, दीर, जावा, मुलं, मशीनवरच्या मुली, असा सकाळपासून माणसांचा राबता. काल जेवताना तिने स्पष्टच सांगून टाकलं होतं.

"उद्या आईने ताटली संपवली तर मी एकटी जाते. नाहीतर दुपारच्या गाडीने तिला घेऊन जाते. माझ्याकडे सतत कुणी ना कुणी असतं तिच्यापाशी. इथे तुम्ही एकटे काय काय करणार?"

"सगळं करणार," तो म्हणाला होता.

म्हणायला म्हणाला, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एकदा लेकीकडे गेली की ती परत कधी येणार? आज बरं नाही, उद्या थंडी आहे, परवा नातवाची परीक्षा आहे. या दोन खोल्यांत तिच्याशिवाय आपलं कसं होईल, हे त्याला नीट कळत होतं आणि म्हणूनच त्याला भीती वाटत होती.

आता शेगडीपाशी तो उभा होता खरा, पण ही जागा त्याची नव्हती. त्याचा सगळा जन्म बंदरावरच्या उंच क्रेनमध्ये गेला. सकाळी एकदा शिडी चढून केबिनमध्ये बसलं की दुपारपर्यंत खाली उतरायची सोय नाही. म्हणून बायको त्याला अंधार असतानाच उठून दणदणीत नाश्ता करून घालायची. तीन अंडी, कांद्यावर परतलेले बटाटे, जाड कापलेला पाव, त्यावर हात न आखडता लावलेलं लोणी आणि मगभर दूध. पोटाला आधार पाहिजे, असं म्हणत ती उरलेला बटाटाही त्याच्याच ताटलीत लोटायची. निवृत्त झाल्यावरसुद्धा त्याने हा नाश्ता सोडला नाही आणि खाऊन झाल्यावर बंदरावर जाणंही सोडलं नाही. तिथे जुन्या सोबत्यांबरोबर धक्क्यावर बसायचं, नव्या पोरांच्या चुका काढायच्या आणि दुपारी घरी यायचं. ती आजारी पडल्यापासून मात्र बंदर बंद झालं होतं.

इतकी वर्षं खाल्लेला नाश्ता करायला किती कठीण असतो, हे त्याला या काही दिवसांत समजलं. बटाटे करपले, अंडी फुटली, दूध दोनदा उतू गेलं. शेजारच्या वहिनी मदतीला आल्या, तर त्यांना त्याने गोड बोलून दारातूनच परत पाठवलं. माणूस अडला की विचारतो. हा अडला की दात-ओठ खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

आज मात्र सगळं जमून आलं होतं. बटाट्यांना सोनेरी रंग चढला होता. त्याने ताटली भरली, कडेला सांडलेलं तेल फडक्याने पुसलं आणि बायकोला धरून आणून टेबलाशी बसवलं. शाल तिच्या खांद्यावरून घसरत होती, ती नीट केली. मग दोघं बापलेक तिच्या समोर बसले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले.

तिने अंड्याचा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग बटाट्याची एक फोड. मग पावाचा कोपरा, तोही तोडून पुन्हा अर्धा केलेला. मग चमचा खाली ठेवला आणि उजव्या हाताचा पंजा आडवा धरून एकदा हलवला.

क्रेनवाल्याने तो हात लगेच ओळखला. बस, थांबा. बंदरावर क्रेनला इशारे देणारा खालचा माणूस असाच हात करायचा.

"अगं, आणखी एक घास. हा बघ, एवढासा."

तिने नवऱ्याकडे पाहून मान हलवली. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने पुन्हा चमचा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"झालं, बाबा," लेक हळूच म्हणाली. "उगाच तिला छळू नका."

"झालं कसं? असा नाश्ता कुणाच्या घरी होत नसेल. यात काय कमी आहे, सांग."

"कमी काही नाही. पण हा तुमचा नाश्ता आहे. क्रेनवर चढणाऱ्या माणसाचा." ती जरा थांबली. "आई सकाळी काय खायची?"

क्रेनवाल्याने शेगडीकडे पाहिलं, मग फळीकडे, मग बायकोच्या हातांकडे. आठवायला काही असतं तर आठवलं असतं. तो खाऊन उठायचा तेव्हा ती भांडी आवरत असायची. त्यापुढचं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"तू सांग," तो लेकीला म्हणाला. "तू तर घरातच वाढलीस."

"मी... मी तुमच्या पाठोपाठ शाळेला जायचे." लेकीचाही आवाज खाली आला. "मलाही माहीत नाही."

क्रेनवाल्याला स्वतःची लाज वाटली. हिने इतकी वर्षं काय खाल्लं असेल? तळाला लागलेला बटाटा, पावाची कड, गार चहा, तोही उभ्याउभ्या. आणि आपण तिच्यापुढे तीन अंडी मांडून मिशीला पीळ देत बसलो आहोत.

"उरलंसुरलं खात असशील," तो म्हणाला. "आमच्या ताटल्यांतलं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दोघांचीही तोंडं एवढीशी झाली होती. आणि ती हसायला लागली. खांदे हलायला लागले, मग खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू आवरेना. लेक पाणी आणायला उठली, तर तिने तिला खूण करून बसवलं. मग हात उचलून वरच्या फळीकडे बोट दाखवलं.

क्रेनवाला ताडकन उठला. हात वाचण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. वर, आणखी वर. उजवीकडे. पिठाचा मोठा डबा. तिने मनगट बाहेर वळवलं, म्हणजे डबा बाजूला. त्याच्यामागे एक पत्र्याची पेटी होती, ती त्याने या घरात कधीच पाहिली नव्हती. तिने पंजा पालथा करून सावकाश खाली आणला. त्याने पेटी तशीच सावकाश टेबलावर उतरवली.

पेटीत कॉफीची पुडी होती. या घरात चहाशिवाय काही पीत नसत. मधाची बाटली होती, अर्धी संपलेली. आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला सोनेरी काठाचा पातळ कप आणि त्याचीच बशी.

"हे कधीपासून?" लेकीने विचारलं.

"तू शाळेत जायला लागलीस..." बायको कुजबुजली आणि उरलेलं वाक्य तिने हातवारे करून पुरं केलं. तेव्हापासून.

"आणि आम्हाला पत्ता नाही?" क्रेनवाला म्हणाला.

"मी कप धुऊन ठेवायचे," ती पुटपुटली.

मग ती नुसता हात हलवत गेली आणि क्रेनवाला करत गेला. पाव जाड नाही, पातळ. आणखी पातळ. थेट आचेवर, अगदी तपकिरी होईपर्यंत. त्यावर दुधावरची साय, सगळीच्या सगळी. तिच्यावर मध, आणखी, आणखी, बस. कॉफी कडक, दूध नावाला. सफरचंद सोलायचं नाही, नुसतं चिरायचं. खुर्ची टेबलाशी नको, खिडकीपाशी हवी. समोर छोटं स्टूल, ते पाय ठेवायला. बायकोला खिडकीशी बसवून, तिचे पाय उचलून स्टुलावर ठेवताना त्याला कसंसंच झालं. आपण क्रेनमध्ये घाम गाळत असताना ही इथे राणीसारखी बसत होती. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरचं मोठं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

"डॉक्टर कॉफीला नाही म्हणाले होते का?" लेकीने विचारलं.

"विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "कुणाला माहीत होतं विचारायचं?"

सगळं बायकोसमोर मांडून झालं. बापलेक पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर बसले आणि बघू लागले. तिने कप हातात घेतला, वास घेतला, डोळे मिटले, उघडले. आणि कप खाली ठेवला.

"आता काय राहिलं?" क्रेनवाला काकुळतीला आला. "सांग, तेही करतो."

तिने उजवा हात खांद्याच्या उंचीला नेला आणि दाराच्या दिशेने सावकाश, लांबवर फिरवला. एकदा. मग पुन्हा.

लेकीला काही कळेना. ती इकडेतिकडे पाहू लागली. क्रेनवाला मात्र उठून उभा राहिला. भार उचलायच्या आधी खालचा माणूस हा हात करतो. सगळे लांब व्हा, मैदान मोकळं करा.

"चल," तो लेकीला म्हणाला. "बाहेर."

"आईला एकटीला सोडून?"

"तेच तर म्हणतेय ती."

निघताना त्याने टेबलावरची भरलेली ताटली उचलली, दोन चमचे घेतले आणि दार अलगद ओढून घेतलं. दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. बॅगा आत राहिल्या होत्या. अंडी गार झाली होती, तरी बटाटे चांगले लागत होते. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. एकाच ताटलीतून ते खात राहिले.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग रेडिओ लागला, अगदी बारीक आवाजात. लेक अर्धवट उठली, फटीतून बघायला. क्रेनवाल्याने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"माझ्याकडे तर दिवसभर..." लेक बोलायला लागली आणि थांबली. कारखान्यातली मशीनं, सासूबाई, मुलं, जावा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. तिने पावाने ताटलीतलं पिवळं पुसून घेतलं आणि फोन काढला. "मी एकटीच येतेय," तिने नवऱ्याला सांगितलं. "नाही, बरी आहे. नाही, तुम्हाला नंतर सांगते, फोनवर नाही कळायचं."

ताटलीतला शेवटचा बटाटा क्रेनवाल्याने तिच्या बाजूला लोटला.

आत बशीवर कप टेकल्याचा आवाज झाला, मग कुरकुरीत पाव मोडल्याचा. दोघांनीही चावणं थांबवून कान दिले. पुन्हा तोच आवाज आला. आणि पुन्हा.

शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन जिना चढून आल्या. दाराबाहेर पायरीवर बसलेल्या बापलेकीला बघून त्या थबकल्या.

"अहो, असे बाहेर का बसलात? सगळं ठीक आहे ना?"

क्रेनवाल्याने तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना जायला वाट करून देण्यासाठी जरा सरकून बसला.

"हळू बोला," तो म्हणाला. "आत नाश्ता चालू आहे."